मायच्या वाटीचं माप

रायपूर
रविवार, १३ नोव्हेंबर २०२२

चौथं माप ओतलं तरी वाटी भरली नाही.

मी ओट्याशी उभी होते. हातात औषधाच्या दुकानातून आणलेलं शंभर मिलीचं प्लास्टिकचं माप. दिवाकर मागे चहा पीत होते. पाचवं माप थोडं थोडं ओतलं. वीस. चाळीस. साठला पाणी काठाशी आलं आणि थरथरून थांबलं.

"चारशे साठ," मी ओरडले.

"मंग?" दिवाकर म्हणाले.

"मंग काय! बाजारातली वाटी दीडशेची असते. मॅडमनं लिहून दिलं, एका वेळी एक वाटी भात. मी पाच हप्त्यांपासून तीन वाट्या खाऊन राहिली."

"दोन वेळचा मिळून सहा," ते म्हणाले. "वरून म्हणते, मी डायटवर आहो." आणि इतके हसले की चहा बशीत आला.

भाऊ, जय भीम. पत्राची सुरुवात उलटी झाली. पण आधी हे सांगितल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नव्हता.

साडेचार वर्षांनी लिहिते आहे. माझा फोन तू घेत नाहीस. ठीक आहे. पण तू तेहेतीस वर्षं रेल्वेच्या आर.एम.एस.मध्ये टपाल छाटलंस. बरोबर पत्त्याचं पत्र न उघडता टाकून देणं तुला जमणार नाही. पिनकोड दोनदा तपासला आहे.

सरळ लिहिते. मला तुला माझी एक किडनी द्यायची आहे.

पत्र खाली ठेवावंसं वाटलं तर ठेव. पाणी पिऊ नकोस. का, ते खाली आहे. मग परत उचल.

ऑक्टोबरात मी नागपूरला आले होते. चेतना वहिनीने तुला सांगितलं नाही, मीच नको म्हटलं. तू आत डायलिसिसच्या मशीनवर होतास. मी बाहेर बाकावर. दार उघडलं की तुझी पावलं दिसायची. सुजलेली. डॉक्टर वहिनीला म्हणाले, तुम्हाला शुगर आहे, तुमची चालणार नाही. अनुश्रीची घ्यायला तू स्वतः नाही म्हटलंस. बापाने असंच म्हणावं. मग माझे कागद पाहिले. रक्तगट तुझाच. बी.पी. ठीक, शुगर ठीक. उंची पाच फूट एक इंच, वजन ऐंशी किलो आठशे. डॉक्टर म्हणाले, हे चालणार नाही. बहात्तरच्या आत या, मग पुढच्या तपासण्या. आणि उपाशी राहून येऊ नका. तुमच्याकडून जे घ्यायचं आहे तेच बिघडवून आणाल.

म्हणून मी समता कॉलनीत पूर्णिमा मॅडमकडे जाते. दवाखान्यांत आहार सांगणाऱ्या असतात तशा. मराठी समजतं त्यांना, उत्तर हिंदीत देतात. त्यांनी काही बंद केलं नाही. भात आहे, वरण आहे, भाजी दुप्पट, दही, अंडं. तेल मोजून. रोज चालायचं. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. मी म्हटलं, जास्त गेलं तर? म्हणाल्या, "तो मैं डाँटूँगी."

पाच आठवड्यांत चारशे ग्रॅम गेले. पाच आठवड्यांत! काल त्यांनी पेन खाली ठेवलं. "सरलाजी, सच बताइए, घर में और क्या-क्या खाती हैं?"

मी म्हटलं, मॅडम, जे लिहिलं तेच. एक वाटी म्हणजे एक वाटी.

त्यांनी पेन परत उचललं. मग म्हणाल्या, "कटोरी नाप कर बताइए."

घरी येऊन पाहिलं तर ही वाटी. मायच्या दोन काशाच्या वाट्यांपैकी एक. मायचं लग्न होऊन ती रायपूरच्या रेल्वे कॉलनीत आली तेव्हा पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बायांनी पाच भांडी दिली होती, त्यातल्या. इथले लोक लग्नात काशाचीच भांडी देतात, आणि देतात तर भरून खाणाऱ्याच्या मापाची देतात. मी लहानपणापासून हिलाच वाटी म्हणते. तूही.

आता नीट वाच. दुसरी वाटी तुझ्याकडे आहे. तुला नागपूरला नोकरी लागली तेव्हा मायने तुझ्या पेटीत घातली. वहिनी सांगते, तू अजून तिनेच पाणी पितोस. तुझ्या कागदावर लिहिलं आहे: दिवसाला पाच वाट्या पाणी, चहा आणि वरण धरून. तू पाचच पितोस. तरी दर वेळी मशीनवर जाताना तीन-चार किलो वाढलेले असतात, आणि तिथली माणसं म्हणतात, हरिदासजी चोरून पाणी पितात.

तू चोरून पीत नाहीस. तू कधी चोरून काही केलं नाहीस. वाटी मापून बघ.

मी इथे गुणाकार केला. दोन लिटर तीनशे. कागदाच्या हिशेबाने व्हायला हवं साडेसातशे.

पाकिटात तसंच एक माप ठेवलं आहे. स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नकोस, आकडा डॉक्टरांना सांग आणि ते म्हणतील तेवढं पी.

सरला


रायपूर
रविवार, ४ डिसेंबर २०२२

भाऊ, तुझं कार्ड आलं!

एका बाजूला पत्ता. दुसऱ्या बाजूला "४६०". बाकी कोरं. ना नाव, ना तारीख. पण चारचा आकडा तुझ्याच हातचा. पोस्टमन म्हणाला, "दीदी, कुछ लिखा तो है नहीं।" मी म्हटलं, भैया, सगळं लिहिलं आहे.

दुपारी वहिनीचा फोन आला, तू झोपलास की ती करते. म्हणाली, डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आता तुला बाटलीवर रेघा मारून पाणी देते. तीनऐवजी दीड किलो वाढतात. पावलांवर बोट दाबलं तर खड्डा राहत नाही. तू आता धाप न लागता उताणा झोपतोस. आणि मशीनवरच्या माणसांनी तुझी माफी मागितली, त्यावर तू म्हणालास, "माफी राहू दे. आधी सगळ्यायच्या वाट्या मापा." वहिनी हसत होती. तिचं हसणं मी खूप दिवसांनी ऐकलं.

माझं सांगते. अठ्ठ्याहत्तर नऊशे!

घरात आता दीडशेची स्टीलची वाटी आहे. पहिल्या दिवशी तिच्यातला भात ताटात पडला तर दिवाकर म्हणाले, "हे काय, चिमणीचं आहे का?" मॅडमनी सांगितलं, पहिल्यांदा भाजी आणि वरण खा, भात शेवटी. तसं केलं तर पोट भरतं. खरंच भरतं. मला वाटलं होतं, भूक लागेल, चिडचिड होईल. चौथ्या दिवसापर्यंत झाली. दिवाकरांना विचारू नकोस.

मंत्रालयाची बस मला नव्या रायपूरला नेते. आता मी दोन चौक आधी उतरते. रस्ता एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. आणि पलीकडे माणूस नसतोच. गाड्या जातात. मी, माझा डबा, आणि सरळ रेघेत लावलेली झाडं. पहिल्या दिवशी एका साहेबांची गाडी थांबली. "सरलाजी, बस छूट गई क्या?" मी म्हटलं, नाही सर, मी सोडली.

तीन किलोमीटर. आधी पन्नास मिनिटं लागायची, आता बेचाळीस. पोहोचते तेव्हा मान ओली, आणि भाऊ, मला गुणगुणावंसं वाटतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अपर डिव्हिजन क्लार्कला.

माझ्या शेजारच्या टेबलावर विनोदिनी बसते. गुणाची पोट्टी आहे, छत्तीसगढी. तिने ड्रॉवरमधून एक डबा काढून दाखवला. पावडर. सकाळी एक ग्लास, रात्री एक ग्लास. "पंद्रह दिन में छह किलो, दीदी। हमर पारा में तीन झन करत हें।"

मी म्हटलं, नको.

"अरे, एक बार लेकर तो देखो. नुकसान थोड़ी न है।"

नको म्हटलं तर नको. जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं. तिने डबा परत ठेवला. का ओरडले, ते तुला केव्हातरी सांगेन.

सरला


रायपूर
गुरुवार, २६ जानेवारी २०२३

भाऊ, पंच्याहत्तर आठशे. पाच किलो गेले! मॅडमनी वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

आज सुट्टी. सकाळी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. स्वतः. पाय खुर्चीवर न ठेवता. दिवाकर पेपर वाचत होते, म्हणाले, "सापडलं का काही?" मी म्हटलं, माझे पाय सापडले.

तेही आता संध्याकाळी चालायला येतात. उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यातून आठ तास उभं राहून येतात आणि पुन्हा चप्पल घालतात. परवा त्यांना किडनी देण्याचा फॉर्म दाखवला, नवऱ्याच्या सहीचा. दोनदा वाचला. म्हणाले, "तुह्यं एका किडनीत चालते का?"

"चालते म्हणतात. तपासून मगच घेतात."

"तो घेईन का पण? तुह्याशी बोलत नाही तो."

"त्याचं मी पाहते."

त्यांनी सही केली. मग म्हणाले, "बरोबर तपासा म्हणा त्यायले. घाईत नोको."

आता तुझ्या निरोपाबद्दल. वहिनीने तो शब्दाला शब्द सांगितला, कारण तू तसं सांगायला लावलंस. "तिले सांग, मले तिची गरज नाही. मायचं तोंड नाही दाखवलं तिनं मले."

ऐकलं. ते खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण आज लिहीत नाही. आज मला पाच किलोंचा आनंद आहे, तो एक दिवस राहू दे.

त्याऐवजी हे आठव. मी पंधरा वर्षांची. तुझ्याकडे नागपूरला पहिल्यांदा आले. तू मला स्टेशनवरच्या तुझ्या ऑफिसात नेलंस. टपालाच्या थैल्या काट्यावर चढत होत्या. तू आकडा पुकारायचास आणि दुसरा लिहायचा. मग मला उचलून काट्यावर ठेवलंस आणि त्याच आवाजात ओरडलास, "एकोणचाळीस दोनशे, रायपूर!" त्या माणसाने लिहूनसुद्धा घेतलं. सगळे हसले. त्या हसण्यात मी होते.

डॉक्टरांनी तपासणीची तारीख दिली आहे, २७ मार्च. तुझ्या हाताच्या नसेवर आता किती दिवस सुया बसतील याची त्यांना काळजी आहे. तोवर मी बहात्तरच्या आत असायला हवी. होईल. आठ आठवडे आहेत, आणि चार किलोही जायचे नाहीत.

तू नाही म्हण. मी चालत राहते.

सरला


रायपूर
रविवार, ५ मार्च २०२३

भाऊ,

तीन आठवडे काटा हलला नाही. चौऱ्याहत्तर शंभर. परत चौऱ्याहत्तर शंभर. काल चौऱ्याहत्तर शंभर. खाणं तेच, चालणं तेच. मॅडम म्हणाल्या, "होता है, शरीर रुकता है। चलता रहेगा।" त्यांनी जिने चढायला सांगितले, आठवड्यातून तीनदा हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम, आणि सात तास झोप. तेवढंच.

२७ मार्चला बावीस दिवस आहेत. आजपासून अर्ध्या किलोने गेलं तरी मी बहात्तर सहाशेवर असेन. सहाशे ग्रॅमसाठी परत पाठवतील.

गुरुवारी मी विनोदिनीकडे डबा मागितला.

तिने ड्रॉवरमधून काढला. पिशवीत घालून दिला. घरी आणला, ओट्यावर ठेवला, ग्लासात दोन चमचे टाकले. वरून पाणी ओतताच तो वास आला. व्हॅनिलाचा. मी चमचा खाली ठेवला. मला तो वास माहीत होता.

दिवाकर दारात आले. त्यांनी ग्लास पाहिला, डबा पाहिला.  वळले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, चप्पल घातली.

"कुठं चालले?" मी विचारलं.

"रिक्षा आणतो," ते म्हणाले. "मांगच्या वक्ती लवकर भेटली नव्हती."

आता ते लिहिते. पाच वर्षं होत आली. दिवाकरांना मी शपथ घातली होती, म्हणून त्यांनीही तुला सांगितलं नाही.

एप्रिल २०१८, अनुश्रीचा साखरपुडा. सगळे फोटोसाठी उभे राहिलो. तू म्हणालास, "सरले, तू मावतेस का यात, का दुसरा कॅमेरा बोलावू?" सगळे हसले. मीही हसले. तुझ्या मनात काही नव्हतं, तू असंच बोलतोस, मला माहीत आहे. पण त्या हसण्यात मी नव्हते.

लग्नाला पाच आठवडे होते. गल्लीतल्या एका बाईकडून डबा घेतला. सतरा दिवस सकाळी पावडर, संध्याकाळी पावडर, मधे गरम पाणी. सात किलो उतरले. लोक विचारायला लागले, काय करतेस? छान वाटायचं. हात थरथरायचे, ते कोणाला दिसत नव्हतं. मायला दिसलं. ती अंथरुणावर होती तरी तिला दिसलं. "काहून व, पोरी, जेवत नाहीस?" मी म्हटलं, ऑफिसात जेवले. तिने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

अठराव्या दिवशी सकाळी मी न्हाणीत पडले. दिवाकरांनी शेजारणीला मायजवळ बसवलं आणि मला दवाखान्यात नेलं. माय त्या दिवशी जाईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. दवाखान्यात म्हणाले, रक्तातले क्षार घसरलेत, थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. सलाईन लावलं. दिवाकरांचा फोन घाईत घरी राहिला. दहा वाजता माय गेली. शेजारणीकडे ना तुझा नंबर होता, ना आम्ही कुठल्या दवाखान्यात आहोत याचा पत्ता. दिवाकर दुपारी मला जागी झालेली पाहून घरी गेले तेव्हा त्यांना कळलं. तुला फोन झाला तो अडीचला. मे महिना. पाऱ्यातले मोठे लोक थांबायला तयार नव्हते. पाचला मायला नेलं. तू आठला पोहोचलास.

मी सातला सही करून दवाखान्यातून आले होते. हातातली सुई तशीच होती, पदराखाली. तू विचारलंस, "फोन काहून नाही केला?"

मी म्हटलं, "राहून गेलं."

तेवढंच म्हटलं. खरं सांगायचं तर फोटोपासून सांगावं लागलं असतं. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर ते कसं ठेवणार होते? हे एक. आणि दुसरं, जे जास्त खरं आहे: लाज. तिकडे माय जात होती आणि मी ब्लाउज बसावा म्हणून पावडर पिऊन पडले होते.

भाऊ, मायचं तोंड मीही पाहिलं नाही.

हे लिहून झालं. खिडकीतून ऊन आलं आहे, अकरा वाजले आहेत, आणि मला वेडीसारखं हलकं वाटतंय. काट्यावर न दिसणारे काही किलो गेले असतील. मला उठून नाचावंसं वाटतंय. दिवाकरांना वाटेल, परत चक्कर आली.

ग्लास मी मोरीत ओतला. डबा परवा विनोदिनीला परत दिला आणि तिला सगळं सांगितलं, न्हाणीपासून. ती रडायला लागली. म्हणाली, दीदी, माझी आई हीच पावडर घेते. मी म्हटलं, आज घरी जाऊन आधी तिला डॉक्टरांकडे ने. "हव दीदी," म्हणाली आणि अर्धी सुट्टी टाकून गेली.

मग मी पूर्णिमा मॅडमना फोन केला. म्हटलं, मी जवळजवळ प्यायले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तारीख आगे बढ़वाइए। शरीर को मत धकेलिए।" वहिनीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाणी ताब्यात आल्यापासून हरिदासजींची तब्येत थांबण्यासारखी आहे. चार आठवडे थांबू. नवी तारीख २४ एप्रिल.

म्हणजे तुझे चार आठवडे मी घेतले. सुया तुझ्या हातात जातील, आठवड्याला तीन वेळा दोन-दोन. तुला न विचारता घेतले. नीट रस्त्याने यायचं तर मला तेवढा वेळ लागतो. त्याचा तुला राग आला तर तो राग योग्य आहे, आणि जुना राग योग्य होता की नाही ते आता तू ठरव.

सरला


रायपूर
रविवार, २३ एप्रिल २०२३

भाऊ,

तुझं दुसरं कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आहे. मार्चपासून त्याचे कोपरे मऊ झाले. "घाई करू नको." तीन शब्द आणि पूर्णविराम. तू कार्डावर पूर्णविराम देतोस हे मला माहीत नव्हतं.

वहिनी म्हणाली, माझं पत्र आलं त्या दिवशी तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी कपाटातून साखरपुड्याचा अल्बम काढलास आणि तो फोटो शोधत बसलास. मी त्यात आहे, भाऊ. पूर्ण आहे. डावीकडून तिसरी. हसते आहे. तो काढून टाकू नकोस.

काटा मार्चच्या मध्यात हलला! एका सकाळी अचानक, मी काहीही नवं न करता. त्र्याहत्तर सातशे. मग हळूहळू खाली. चौदा एप्रिलला वस्तीत खिरीचं पातेलं होतं, सगळे आग्रह करत होते. मी एक वाटी खाल्ली. दीडशेची. मोजून, मजेत, चाटून. दिवाकर सगळ्यांना सांगत होते, "तिच्या वाटीवर जाऊ नोका, ते सरकारी माप आहे."

गेल्या रविवारी बहात्तर बरोबर होते. त्यानंतर वजन केलेलं नाही. मॅडमनीच सांगितलं, रोज रोज चढू नका. म्हणून उद्या आकडा काय येईल मला माहीत नाही. बहात्तरच्या वर आला तर परत येईन आणि पुन्हा चालेन, एवढं ठरलं आहे. विनोदिनीही आता दोन चौक आधी उतरते. तिची आई बरी आहे.

पहाटेची गाडी आहे. दिवाकर सोबत आहेत. बॅगेत दोन साड्या, सगळे कागद, आणि मायची वाटी. तिच्यात आता मी भात खात नाही. कोथिंबीर भिजवून ठेवते. तरी आणते आहे. दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

हे पत्र गाडीतून उतरल्यावर नागपूरच्या पेटीत टाकेन. म्हणजे तुला परवा मिळेल, तेव्हा सगळं झालेलं असेल. पण रविवारी तुला लिहायची सवय लागली आहे.

मला झोप येणार नाही असं वाटत होतं. येते आहे.

सरला


नागपूर
सोमवार, २४ एप्रिल २०२३

पत्र पेटीत टाकलं नाही. गाडी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लागली आणि तू फलाटावर होतास. दिवाकरांच्या हातातली बॅग घ्यायला गेलास, त्यांनी दिली नाही. तिघे रिक्षात बसलो. दवाखान्यात चपला काढून मी काट्यावर चढले. नर्सने वही उघडली. तिने वाकून पाहायच्या आधी तू आकडा पुकारलास, "एकाहत्तर सहाशे, रायपूर." तिने एकाहत्तर सहाशे लिहून घेतलं. साडेअकराला त्यांनी माझं रक्त घेतलं, मग तुझं.